वीस वर्षं शिकवल्यावर आता टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास, याने शिक्षक खरंच सुधारतो का?

फळा_डस्टर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी झेडपीचा प्राथमिक शिक्षक. २००६ ला डीएडच्या मार्कांवर लागलो, तीन वर्षं तीन हजारावर शिक्षणसेवक म्हणून काढली, आता द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे, आणि बाई रजेवर असल्या की चारही वर्ग प्लस खिचडीची चव बघून रजिस्टरला सही, सगळं माझ्याकडेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. ज्यांची पाचपेक्षा कमी उरलीय त्यांना सूट, पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. मी चाळिशीतला, म्हणजे मी सापडलो.

तर सध्या घरी सीन असा आहे की मुलगी अकरावी सायन्सला आणि मी, दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसतो. परवा तिने विचारलं पप्पा तुमचा पेपर कितीचा, म्हणलं १५०, पास व्हायला किती, म्हणलं ९०, निगेटिव्ह मार्किंग आहे का, म्हणलं नाही. तर म्हणते मग कसलं टेन्शन घेताय ओ. आता तिला काय सांगू की टेन्शन मार्कांचं नाहीये. गावात लोक गुरुजी म्हणतात आणि त्याच गावातलं माझं एक माजी विद्यार्थी पोरगं हीच परीक्षा देतंय, आम्ही दोघं एकाच सेंटरला शेजारी बसलो तर मी कुठं बघायचं.

पहिली सराव परीक्षा दिली, ८१ पडले. बालविकासात ३० पैकी १४! त्यातला एक चुकलेला प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून हा धागा. पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या सिद्धांतावरचा होता, वस्तूंची मांडणी बदलली तरी संख्या तेवढीच राहते हे लहान मुलाला कळत नाही त्याला काय म्हणतात वगैरे. उत्तर वाचलं, कन्झर्वेशनची समज नसणं, आणि एकदम आठवलं की हे तर माझ्या वर्गात दरवर्षी होतं. चिंचोके वाटले की पहिलीतलं एखादं पोरगं रडतंच, सर त्याला जास्त दिले. मोजून दाखवतो, सात याला सात त्याला. तरी रडतं, कारण समोरच्याने आपले चिंचोके लांब लांब मांडलेले असतात. मी वीस वर्षं हसून सोडून देत आलो, एक-दोघांना रागावलोही असेन की मोजून दाखवलं तरी कळत नाही का तुला. म्हणजे गोष्ट रोज डोळ्यासमोर होती, नाव माहीत नव्हतं, आणि नाव माहीत नव्हतं म्हणून की काय ती नीट बघितलीच नाही.

माझ्याबरोबर लागलेला एक मित्र आहे. कॉलेज एक, बॅच एक, पगार एक, ट्रेनिंगला शेजारी शेजारी बसलो. त्याच्या वर्गात गेलं की पोरं आपल्यालाच प्रश्न विचारून भंडावून सोडतात. मी वाईट शिक्षक नाही, पोरं वाचतात, हिशेब करतात. पण खरं सांगायचं तर मी २०१२ च्या आसपास कुठंतरी थांबलो. सर्टिफिकेटांची फाईल मात्र वाढत गेली.

माझा प्रश्न साधा आहे. माणूस आपल्या कामात तरबेज होत जातो ते कशाने? भीतीने, पगाराने, स्वभावाने, की आपण स्वतःला काय समजतो त्याने? आणि सक्तीच्या परीक्षेने यातलं काही होतं का?

---

एकच_मिशन

सर तुम्ही फार सज्जन आहात म्हणून स्वतःलाच कोर्टात उभं करताय. मुळात प्रश्नच चुकीचा आहे. आपण लागलो तेव्हा जी पात्रता मागितली ती आपण पूर्ण केली. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०, शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या एनसीटीईने टीईटीची अट आणली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, राज्यात पहिली टीईटी झाली २०१३ ला. २००६ च्या माणसाने कशी द्यायची होती ती? खेळ संपल्यावर नियम बदलायचे आणि वर गुणवत्ता गुणवत्ता करायचं.

आणि ज्या परीक्षेत पैसे घेऊन सात हजारांवर लोकांचे निकाल फिरवल्याचं पुणे पोलिसांनी २०२१ ला उघडकीला आणलं तीच परीक्षा आता आमची गुणवत्ता ठरवणार. मतदार यादीचे बीएलओ आम्ही, सर्वे आम्ही, ऑनलाईन माहिती आम्ही, शाळेच्या आकडेवारीचं यूडायस आम्ही, आणि फावल्या वेळात शिकवायचं. आधी ते काढा मग सक्षमता बिक्षमता बोलू.

---

अजून_वेटिंगच

मिशन सर, राग नका मानू पण दुसऱ्या बाजूनं पण एकदा बघा की. माझे टीईटीचे दोन्ही पेपर पास आहेत, टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) पण दिलीय २०२५ ला, आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेय. तोवर एका खाजगी शाळेत महिना सात हजारावर शिकवते, सुट्टीचे कापून. तुम्हाला ज्या परीक्षेला बसायचा अपमान वाटतोय ती पास होऊन आमची वयं चाललीत. तुमचा मुद्दा चूक आहे असं नाही म्हणत मी, नियम मागून लावला हे बरोबरच नाही, पण बोलायची भाषा जरा बघा एवढंच.

आता फळा_डस्टर सरांच्या प्रश्नाला. बालविकासात मला ३० पैकी २८ होते. पियाजे, वायगोत्स्की, कोहलबर्ग, झोपेत उठवून विचारा. आणि या शाळेत पहिल्या दिवशी तिसरीच्या वर्गावर गेले तर दहा मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. दोघं बाकाखाली, एकजण खिडकीत, आणि मी फळ्यावर तारीख लिहितेय. शेवटी पुढं बसलेली एक मुलगी मलाच म्हणाली, बाई आधी नावं विचारायची असतात. मेले लाजून. २८ मार्कांत हे कुठंच नव्हतं.

आणि अजून एक, हे कुणी बोलत नाही म्हणून बोलते. मी स्वतःला अजून शिक्षिका समजतच नाही. कुणी विचारलं काय करता तर तोंडातून येतं, तयारी करतेय. आठ महिने झाले रोज पाच तास शिकवतेय तरी तयारीच करतेय! त्यामुळं होतं काय की पोरांचं काही अडलं तर मनात येतं, जाऊ दे, आपली खरी शाळा लागली की करू मनापासून. हे चुकीचं आहे ते कळतं मला.

---

खिचडी_खाऊन_झोप

म्हणजे निष्कर्ष असा की ज्यांना नोकरी आहे त्यांना टीईटी नको आणि ज्यांची टीईटी आहे त्यांना नोकरी नाही. एकमेकांना देऊन टाका, मिटलं.

---

बाई_मेळघाटातल्या

फळा_डस्टर सर, तुमचा चिंचोक्यांचा किस्सा वाचून मला माझं एक जुनं आठवलं, थोडं लांबतंय सांभाळून घ्या.

माझी पहिली नेमणूक धारणी तालुक्यात, २०११. त्याआधीची मी म्हणजे कॉलेजात वक्तृत्वात बक्षिसं, शुद्धलेखन एकदम कडक, मराठी कशी बोलावी ते माझ्याकडून ऐका अशी माझी समजूत. पहिलीत चौदा मुलं, सगळी कोरकू आदिवासी, घरी कोरकूच बोलणारी. दुसरा की तिसरा दिवस असेल, एक पोरगा सारखा हात वर करून डा, डा करत होता. मला वाटलं काहीतरी आवाज काढतोय, मस्ती. दोनदा बस म्हटलं, तिसऱ्यांदा जोरात. तो खाली बसला, थोड्या वेळाने गपचूप उठला आणि वर्गाबाहेर गेला. मी मागे गेले ओरडतच, तर हा हँडपंपाला लटकून एका हाताने दांडा मारतोय आणि दुसऱ्या हाताने पाणी पितोय. कोरकूत डा म्हणजे पाणी.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. कुणी काही बोललं नव्हतं, तक्रार नाही, नोटीस नाही, त्या पोराने सुद्धा काही मनात धरलं नसेल. पण ज्या गोष्टीचा मला एवढा तोरा होता, भाषा, तिच्यातच मी अडाणी निघाले ना बाप्पा. मग शंभर पानी वही केली, खिचडी शिजवायला येणाऱ्या ताई होत्या त्यांच्याजवळ बसून रोज पाच-सहा शब्द लिहून घ्यायचे. त्या हसायच्या माझ्या उच्चारांना. दिवाळीपर्यंत मोडकंतोडकं बोलता यायला लागलं, आणि ज्या पोरांना मी मठ्ठ समजत होते ती जंगलातल्या झाडांची नावं, कोणत्या पानाची भाजी होते, कोणतं लाकूड धूर करतं, असं धडाधड सांगायला लागली. तोपर्यंत ती मुकी नव्हती, मीच बहिरी होते.

पण मुद्दा इथून पुढं आहे. त्यानंतर दोन वर्षांनी भाषेचं एक प्रशिक्षण झालं, मुलांची घरची भाषा आणि शाळेची भाषा यावर. तसलं प्रशिक्षण मी आधीही केलं होतं, मागच्या रांगेत बसून मोबाईल बघत. यावेळी पहिल्या रांगेत बसले आणि सुलभकांना, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांना, इतके प्रश्न विचारले की बाजूच्या मॅडम म्हणाल्या, बाई जेवायला सोडा. साहित्य तेच, पीपीटी बहुतेक तीच. यावेळी माझ्याजवळ विचारायला काहीतरी होतं एवढाच फरक.

आणि मला संत वगैरे समजू नका, अवघड क्षेत्रातली वर्षं भरल्यावर दोन वर्षं जास्त राहिले आणि मग बदली घेतलीच, लेकरं लहान होती. आता सपाटीवरच्या शाळेत आहे. वही अजून आहे. टीईटी मला पण द्यायची आहे, फॉर्म भरायचा आहे.

---

एकच_मिशन

बाई सलाम. पण बघा, तुम्हाला त्यासाठी टीईटी लागली नाही. माझा मुद्दा हाच आहे.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

चर्चा चांगली चाललीय. मी दुसऱ्या बाजूने बोलतो, म्हणजे ज्याने सक्ती केली त्या बाजूने. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, त्याचा मी प्रमुख होतो.

जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा जीआर आला. त्याच्या आगेमागे साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव राज्यभर झालं, ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे स्वतः करून समजून घेत, पोरं कशी शिकतात ते बघायला गाड्याच्या गाड्या जायच्या. आम्हीपण दोन गाड्या भरून गेलो, शिक्षकांनी वर्गणी काढली, कुणी बळजबरी केली नव्हती. जे बघितलं ते खरंच बघण्यासारखं होतं. पोरं जमिनीवर गटात बसलेली, हाताशी काड्या, खडे, मणी, शब्दांच्या पट्ट्या, बाई मध्येच कुठंतरी बसलेल्या, कुठल्या गटात आहेत ते शोधावं लागायचं. आणि फरशीवर रंगवलेल्या आकृत्या, चौकटी, अक्षरं. आमच्यातले दोघंतिघं परत येताना गाडीत झोपले नाहीत, बोलतच होते.

आता माझी चूक. तालुक्याच्या मीटिंगला विचारणा झाली, तुमच्या केंद्रात किती शाळा ज्ञानरचनावादी झाल्या? आता हे मोजणार कसं? फरशी रंगवली की झाली शाळा ज्ञानरचनावादी, असा हिशेब आपोआप बसला. मीही तोच लावला, खोटं कशाला बोलू. महिन्याभरात केंद्रातल्या झाडून सगळ्या शाळांच्या फरशा ऑइल पेंटने रंगवून घेतल्या, फोटो काढले, वर पाठवले. वर्षाने एका शाळेत गेलो तर फरशीवर सतरंजी अंथरलेली. विचारलं हे काय, तर बाई म्हणाल्या साहेब रंग झिजतो ना, पोरं बसली की. बाईंना हसू नका, मी त्यांना रंग जपायलाच शिकवलं होतं.

जे दोघंतिघं गाडीत जागे होते ना, त्यातल्या एकाने फरशी रंगवलीच नाही. त्याच्यावर मी चिडलो पण होतो. त्याने पोरांकडून शाळेमागच्या ओढ्यातले गोटे आणवले आणि दशक-एककाचं सगळं त्याच्यावर केलं. म्हणाला, साहेब कुमठ्यात मला रंग नाही दिसला, बाई गप्प बसलेल्या दिसल्या, मी गप्प बसायची प्रॅक्टिस करतोय. त्याला मी शेरा दिला होता: भौतिक सुविधेत सुधारणा आवश्यक.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकास करावा असं आहे. कल्पना वाईट नाही. पण तास मोजायला गेलं की तासच भरले जातात. मी स्वतः प्रेरणा या विषयावर दुपारी जेवणानंतर, लाईट गेलेली असताना, सत्तर लोकांना दीड तास बोललोय. निम्मे झोपले होते आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

---

तालुक्याचा_डॉक्टर

शिक्षक नाही पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडेही हेच. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करायला महाराष्ट्रात ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षणांना, जाऊन मिळवायचे. हॉटेलात कॉन्फरन्स, सकाळी सही, मग चहा, दुपारच्या जेवणानंतर हॉल अर्धा रिकामा. मीही उठून गेलेलो आहे, पेशंट थांबलेत असं स्वतःला सांगून.

आणि याच राज्यात महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत डॉ. हिंमतराव बावसकर होते. कोकणात विंचू चावून पोरं दगावत होती, पुस्तकात धड उपचार नव्हता, तर हा माणूस पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, घाम, सगळं टिपत राहिला. पुढे प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, लॅन्सेटमध्ये लिहिलं, २०२२ ला पद्मश्री. कुठल्या क्रेडिट पॉइंटसाठी? समोरचं मूल मरतंय आणि मी डॉक्टर म्हणवतो, हे सहन होत नव्हतं म्हणून.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

डॉक्टरसाहेब, मान्य, पण एक सांगू का, असं उदाहरण आलं की आमच्या खात्याला फार सोयीचं पडतं. बघा तो माणूस साधनं नसताना करतो, मग तुम्ही का नाही! बावसकर एक असतो. लाखभर शिक्षकांचं खातं एकेकाच्या बेचैनीवर चालवता येत नाही. माझ्या त्या गोटेवाल्याला मी निदान शेरा तरी चांगला दिला असता तर शेजारच्या चार शाळांनी बघितलं असतं ना काय चाललंय. तो पाच वर्षं एकटाच करत होता. मग थकला. आता तोही यूडायस भरतो, टाइमपास करतो, भेटला की हसतो नुसता.

---

अजून_वेटिंगच

काका हे शेवटचं वाचून कसंतरीच झालं.

अवांतर: फळा_डस्टर सर, बालविकासाच्या माझ्या नोट्स आहेत हाताने लिहिलेल्या, साठेक पानं, फोटो काढून देते पाहिजे तर. इंग्लिशचं ग्रामर पण आहे. त्याबदल्यात मला ते पहिल्या दहा मिनिटांत वर्ग कसा हातात घ्यायचा ते सांगा.

---

फळा_डस्टर (धागाकर्ता)

चार दिवस आलो नाही, केंद्राची शिक्षण परिषद होती आणि मग मतदार यादीचं काम. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. केंद्रप्रमुख साहेब, तुमच्यासारखा कुणी असं उघड बोललेला मी आजवर बघितला नाही, तो गोटेवाला नंबर देत असेल तर द्या, खरंच.

मिशन सर, या निकालाविरुद्ध कोर्टात काय करायचं ते संघटना बघेल, वर्गणी मी दिलीय. अभ्यास पण चालू ठेवतो, दोन्ही होऊ दे.

सोमवारी चिंचोके काढले. पहिलीत पाच पोरं आहेत, दुसरीत सहा. एकेकाला जवळ बोलावलं, सात-सात चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडल्या, विचारलं सारखे का, सगळे म्हणले सारखे. मग एक ओळ लांब केली त्यांच्यासमोरच. पहिलीतल्या पाचपैकी चौघं म्हणले ही जास्त. एकीला मोजायला लावलं, सात मोजले, दुसरी ओळ मोजली, सात. म्हणलं आता सांग, तर परत म्हणते ही जास्त. मी वीस वर्षं जे ऐकत आलो तेच, पण यावेळी मला राग आला नाही, उलट तिच्याकडे बघतच राहिलो की ही एवढ्या खात्रीनं सांगतेय म्हणजे तिला ते खरंच तसं दिसतंय. दुसरीतला एक बहाद्दर मात्र माझ्याकडे असा बघायला लागला जसं काय मीच खुळा, म्हणला सर तुम्ही नुसते लांब केलेत की.

मग लक्षात आलं की पहिलीला कमी-जास्तचा धडा मी थेट मोजण्यावरच घेतोय इतकी वर्षं. एकास एक संगती, म्हणजे याचा एक त्याचा एक अशा जोड्या लावणं, ते पुस्तकात आहे, ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं, मी अर्ध्या तासात उरकायचो. आता आठवडाभर तेच चाललंय, पोरं चिंचोक्याला चिंचोका भिडवत बसतात, दोघं त्यातले खातात पण.

दुसरी सराव परीक्षा दिली, ९४. बालविकासात १९. इंग्लिशने खाल्लं.

@अजून_वेटिंगच, नोट्स पाठवाच, आणि ग्रामर पण. वर्ग हातात घ्यायचं असं लिहून सांगता यायचं नाही, पण त्या पोरीने तुम्हाला पहिली पायरी बरोबर सांगितलीय. नावं आली की दुसरं म्हणजे कोण कुणाशेजारी बसतो आणि का ते बघून ठेवा, निम्मा बाजार तिथंच असतो. बाकीचं बोलू. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, दुपारी मोकळा असतो मी, मेसेज टाका. आणि कुणी विचारलं काय करता तर तयारी करतेय म्हणू नका, तयारी तर मी पण करतोय.